राहिलेली बाही

कुरेस्सारेच्या बसथांब्यावर मुलं विचारतात,
"दादा, तुझा हात कुठंय?"
मी कोटाची बटणं सोडतो, पंख दाखवतो.
राखाडी, हलका, टोकाशी जरा पोचा आलेला.
मुलं म्हणतात, "भारी!"
त्यांच्या आया म्हणतात, "चल, बस आली."
बस आलेली नसते.

आम्ही सहा भाऊ. उर्मस, राइवो, इंद्रेक,
टानेल, कास्पर, आणि शेंडेफळ मी, ओट्ट.
आई गेली, बाबांनी दुसरं लग्न केलं.
नवी आई वाईट नव्हती. हिशेबी होती.
समुद्रराखणीचा करार, आमच्या नावांपुढे तिच्या सह्या.
कंपनीच्या शुभ्र खोलीत त्यांनी आम्हाला
स्वेटर उसवावा तसं उसवलं,
आणि त्याच धाग्यांची सहा पाखरं केली, धातूची.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला आवडलं.
खाली बाल्टिक, राखेनं घासलेल्या पातेल्यासारखा.
भूक नाही, सर्दी नाही, गणिताचा तास नाही.
दुसऱ्या महिन्यात आईचा चेहरा आठवेना.
तेव्हा कळलं, पगार कशातून कापून घेतात.

खाली उरली फक्त बहीण. वाइके.
आमच्या भाषेत त्या नावाचा अर्थच 'निःशब्द',
आणि लहानपणी तिची टकळी
जेवतानासुद्धा थांबायची नाही.

कंपनीतून काढलेल्या हेल्वेबाईंनी तिला
सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलं:
सदरे विण. सुलट टाका एक, उलट टाका शून्य,
टाक्याटाक्यांत पोरांचा परतीचा नकाशा.
सूत मात्र स्मशानाकडेच्या त्या झुडपाचं,
हात लावला की आग होते ते. दुसरं कुठलं धरत नाही.
आणि बोलू नकोस. हवेला त्यांचे कान आहेत.
तुझा आवाज मिळाला, तर ते तुझ्याच आवाजात
पोरांना हाका मारतील, दूर दूर,
जिथून इंधन परतीला पुरत नाही.

सहा वर्षं. तोंडातली टकळी हातात आली.
बोटांवर फोड, फोडांवर फोड.
पावाच्या दुकानात ती बोटानं दाखवायची,
आणि पोरं मागून कुत्र्यासारखी भुंकायची.
मी वरून बघायचो. माझ्या नोंदीत तिचं नाव
'संशयित, स्त्री, विणते' एवढंच होतं.

शेवटी खटला झाला. आरोप: कंपनीच्या मालमत्तेची चोरी.
मालमत्ता म्हणजे आम्ही.
न्यायाधीश म्हणाले, "काही बोलायचंय?"
समोर माइक, त्याचा लाल दिवा लागलेला.
ती विणत राहिली.
निकालाचं चित्रण करायला आम्हा सहांना पाठवलं होतं,
खिडकी उघडी होती, जून महिना होता,
तिनं पिशवी उलटी केली आणि सदरे भिरकावले,
एकेक, जाळं फेकावं तसे.

उर्मस धाडकन बाकावर पडला, उघडा, दाढी वाढलेला.
मग राइवो. मग बाकीचे.
सगळ्यात शेवटी मी, डावी बाही नसलेल्या सदऱ्यात.

सगळे वाट बघत होते, ती आता काय बोलेल.
सहा वर्षांचा गंजलेला आवाज.
ती म्हणाली, "यांना कुणीतरी चादरी द्या."

आता उर्मसची होडी आहे. टानेल घटस्फोटित आहे.
मी रात्री झोपलो की पंखात जहाजांचं बोलणं येतं,
वाऱ्याचा वेग, कुणाची तरी चुकलेली दिशा.
कधीकधी मी उठून बंदरावर फोन करतो.
ते आता का, कसं, विचारत नाहीत.

दर हिवाळ्यात वाइके सुया काढते.
"चार दिवसांचं काम आहे, ओट्ट."
मी म्हणतो, पुढच्या वर्षी.

एकच गोष्ट टोचते. नकाशात नुसता हात नव्हता,
प्रत्येक बाहीत काही आठवणीही होत्या.
"माझ्या डाव्या बाहीत काय होतं गं?"
ती, जी आता दिवसभर बोलते,
फोनवर, मांजराशी, उतू जाणाऱ्या दुधाशी,
माझ्याकडे बघते,
आणि टाके मोजायला लागते.